एक नाव, चौदा कोड आणि एक जोडनाव: लुह्या बोलींचा गुंता

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत ६८ लाखांहून जास्त लोकांची नोंद 'लुह्या' अशी झाली. किकुयूंच्या खालोखाल देशातला हा दुसरा मोठा समाज. आता साधा प्रश्न: हे लोक बोलतात कोणती भाषा? 'लुह्या' असं उत्तर देऊन मोकळं व्हावं, तर जगभरातल्या भाषांना तीन अक्षरी कोड देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी आहे (आयएसओ ६३९-३ असं तिचं रुक्ष नाव), ती आडवी येते. तिथे लुह्याला एक कोड आहे खरा, पण त्याच्या पोटात आणखी चौदा कोड आहेत, चौदा स्वतंत्र भाषा म्हणून. आणि त्या चौदांमधली एक नोंद वाचली की डोकं खाजवायची वेळ येते: 'इदाखो-इसुखा-तिरिकी'. नावं तीन, मध्ये आडव्या रेघा, कोड मात्र एकच.

मग भाषा एक धरायची, चौदा धरायच्या, की हे जोडनाव सोडवून सोळा? तिन्ही उत्तरं देणारे जाणकार भेटतात आणि तिघांकडेही पुरावा असतो.

आधी जागा पाहून घेऊ

व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्येला, युगांडाच्या सीमेला लागून केनियाचा पश्चिम भाग आहे. काकामेगा, विहिगा, बुंगोमा आणि बुसिया या चार काउंट्या, म्हणजे आपल्या हिशेबात जिल्हे, लुह्यांच्या मुख्य वस्तीच्या. पाऊस भरपूर, वस्ती दाट, शेतात मका, ऊस, चहा. उत्तरेला एल्गॉन डोंगराकडे बुकुसु राहतात. पश्चिमेला सीमेवर सामिया, खायो, माराची. मध्यभागी वांगा, मारामा, किसा, त्सोत्सो. दक्षिणेला लोगोली (यांनाच मारागोली म्हणतात) आणि न्योरे. आणि त्यांच्याच शेजारी, काकामेगाच्या जंगलाच्या आसपास, आपले जोडनाववाले: इदाखो, इसुखा आणि तिरिकी. यांच्याखेरीज काब्रास, ताचोनी, न्याला वगैरे मंडळी आहेतच.

यांच्या दक्षिणेला लुओ आणि पूर्वेला नांदी. त्यांच्या भाषा अगदी वेगळ्या, नायलोटिक कुळातल्या. लुह्या बोली मात्र बांटू कुळातल्या, म्हणजे स्वाहिली, लुगांडा, झुलू यांच्या भाऊबंद. कॅमेरूनपासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेलं, काही शे भाषांचं हे कुळ आहे.

बांटूची एक खूण लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. मराठीत नामाला तीन लिंगं असतात आणि रूप बदलतं ते बहुतेक शब्दाच्या शेवटी. बांटूत नामांचे डझनभर किंवा त्याहून जास्त वर्ग असतात आणि बदल होतो तो शब्दाच्या तोंडाशी. एक बुकुसु माणूस 'ओमुबुकुसु', अनेक असले की 'बाबुकुसु', आणि त्यांची बोली 'लुबुकुसु'. 'लु-' लागलं की बहुधा भाषेचं नाव समजावं. लुलोगोली, लुमाराची, लुतिरिची (तिरिकीची बोली) ही सगळी त्याच साच्यातली.

एक शब्द घेऊन गावोगाव

'वस्तू' या अर्थाचा शब्द घ्या. स्वाहिलीत तो 'किटू'. लोगोलीत 'किंदू'. इदाखोत 'शिंदू'. वांगात 'एशिंदू'. बुकुसुत 'सिंदू'. (शिंदू वाचून कुणाला ताडी-माडीची आठवण झाली असेल, तर तो योगायोग.) सगळीकडे शब्दाचं मूळ तेच, तोंडाशी असलेलं अक्षर तेवढं कि, शि, सि असं बदलत गेलं. आणि हा बदल या एकाच शब्दापुरता नाही. लोगोलीत या वर्गाच्या नामांना 'कि-' लागतो, तिथे इदाखोत 'शि-' येतो, शब्द कोणताही असो.

शेत कसण्याला लोगोलीत 'कुलिमा' म्हणतात, स्वाहिलीतही 'कुलिमा'. इदाखोत आणि बुकुसुत 'खुलिमा', वांगात 'ओखुलिमा'. हा 'ख' आपला नव्हे; उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घशात घासून काढायचा. लोगोली माणूस पहिल्या दिवशी बिचकेल, पण फरक ठरावीक जागीच पडतो हे कानाला कळलं की तो मनातल्या मनात 'खु' काढून 'कु' बसवायला शिकतो. 'आम्ही एकमेकांचं समजून घेतो' असं लुह्या लोक म्हणतात, त्यातला बराच भाग या कानाच्या सवयीचा आहे.

कागदावर न दिसणारा फरक मात्र जास्त अवघड आहे. या बोली सुरांच्या आहेत: अक्षर उंच सुरात म्हटलं की खालच्या, यावर अर्थ आणि काळ अवलंबून असतो. काही लुह्या बोलींत क्रियापदांचे सुरावरून दोन गट पडतात, एक उंच सुराचा आणि एक बिनसुराचा. शेजारच्या दुसऱ्या एखाद्या बोलीत हा भेदच पुसून गेलेला असतो. शब्द तेच, अक्षरं तीच, चाल वेगळी. क्रिस्टोफर एबार्ब या अमेरिकी अभ्यासकाने २०१४ मध्ये इदाखो आणि इतर लुह्या बोलींच्या सुरांवर अख्खा पीएचडीचा प्रबंध लिहिला. एवढ्याशा टापूत इतकी विविधता सापडल्यावर भाषाशास्त्रज्ञ तिथून हलत नाहीत, यात नवल नाही.

पण बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते?

हे मोजायच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक, रोजच्या वापरातल्या शंभर-दोनशे शब्दांची यादी घ्यायची आणि दोन ठिकाणचे किती शब्द एका मुळाचे आहेत ते पाहायचं. दुसरी, एका गावातली गोष्ट रेकॉर्ड करून दुसऱ्या गावात ऐकवायची आणि वर प्रश्न विचारायचे. दोन्हीतून टक्केवारी मिळते. पण अमुक टक्क्यांच्या वर बोली आणि खाली भाषा, ही रेघ माणसानेच मारायची असते.

शिवाय दुसऱ्या रीतीत एक फसगत दडलेली आहे. तिरिकी माणसाला लोगोली छान कळते, असा निकाल आला म्हणून दोन्ही बोली जवळच्या ठरत नाहीत. कदाचित तो लहानपणापासून चर्चमध्ये लोगोलीच ऐकत आला असेल. लोगोली माणसाला तिरिकी तितकीच कळते का, हे उलट तपासावं लागतं, आणि पुष्कळदा ती तितकी कळत नाही.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. अभ्यासक याला बोलींची साखळी म्हणतात: शेजारच्याचं शेजाऱ्याला कळतं, पण या टोकाचं त्या टोकाला कळेलच असं नाही. सामियाचं माराचीला कळेल, माराचीचं वांगाला. पण एल्गॉनच्या पायथ्याचा बुकुसु आणि विहिगाचा लोगोली समोरासमोर बसले, तर थोड्या वेळाने दोघंही स्वाहिलीवर येतात.

या साखळीत इदाखो, इसुखा आणि तिरिकी या तीन कड्या इतक्या जवळ आहेत की कोणत्याही रीतीने मोजलं तरी त्या एकाच भाषेत पडतात. मग त्या भाषेला नाव कुणाचं द्यायचं? इदाखोचं दिलं तर इसुखा का ऐकून घेतील? यादीवाल्यांनी आडव्या रेघा मारून तो वाद टाळला. माझ्या मते त्या चौदांमधली सगळ्यात प्रामाणिक नोंद हीच.

अभ्यासकांची मांडणी आणि लोकांची मांडणी

ब्रिटिश अभ्यासक माल्कम गथ्री यांनी १९४८ मध्ये बांटू भाषांची अक्षरं आणि आकडे देऊन वर्गवारी केली. ती आजही वापरात आहे. तिच्यात लुह्या बोली 'ई' विभागात तिसाच्या गटात येतात. लोगोली मात्र चाळिसाच्या गटात, गुसी आणि कुरिया या दूरच्या भाषांसोबत. पुढे ही यादी सुधारली गेली, तेव्हा इदाखो-इसुखा-तिरिकीला ४११ हा क्रमांक मिळाला, लोगोलीच्या ४१ ला चिकटून. म्हणजे जनगणनेत 'लुह्या' म्हणून एकत्र असलेले लोक भाषेच्या कपाटात दोन वेगळ्या कप्प्यांत.

बुकुसुंची गोष्ट याहून मजेशीर. त्यांच्या बोलीचं सगळ्यात जवळचं नातं आहे ते एल्गॉनच्या पलीकडच्या, युगांडातल्या मासाबा बोलींशी. पण १९०२ मध्ये ब्रिटिशांनी युगांडाचा पूर्वेकडचा प्रांत काढून आजच्या केनियाला जोडला. डोंगर मध्ये राहिला, सख्खे भाऊ दोन देशांत गेले, आणि बुकुसुंचे नवे भाऊबंद दक्षिणेकडचे ठरले.

तीन बोलींचे तीन हिशेब

जोडनावातल्या तिघांकडेच जरा जवळून पाहू. भाषेच्या यादीत तिघं एक. २०१४ मध्ये युनेस्कोने तातडीने जपायला हव्या अशा अमूर्त वारशांच्या यादीत 'इसुकुती' नाच घेतला. मोठा, मधला आणि लहान असे तीन ढोल, सोबत काळविटासारख्या हरणाचं शिंग आणि धातूचे खुळखुळे. बारसं, लग्न, मयत, सगळीकडे हा वाजतो, आणि गती अशी की बसून ऐकवत नाही. पण ही नोंद आहे 'इसुखा आणि इदाखो समाजांचा' नाच म्हणून. इथे तिरिकी बाहेर.

सरकारदरबारी तर वाटणी आणखी पक्की. इदाखोंचा इकोलोमानी मतदारसंघ आणि इसुखांचा शिन्यालू हे काकामेगा काउंटीत. तिरिकींचा हमिसी विहिगात, लोगोली आणि न्योरे यांच्या सोबत.

आणि रीतिरिवाजांचं विचाराल, तर तिरिकींनी मुलांच्या दीक्षेचा विधी घेतला तो शेजारच्या तेरिक लोकांकडून, जे नायलोटिक भाषा बोलतात. दीक्षा एकत्र घेतलेल्या मुलांचा एक वयोगट बनतो आणि त्या गटाला नाव मिळतं: मायिना, जुमा, सावे, गोलोंगोलो, काबालाच. ही नावं कालेंजिन (नांदी, तेरिक वगैरे नायलोटिक गटांचं एकत्र नाव) लोकांच्या माइना, चुमो, सावे, कोरोंगोरो, काप्लेलाच या वयोगटांच्या नावांवरून आली, हे ऐकूनच कळतं. तिरिकी माणूस घरात बांटू बोलतो आणि स्वतःचं वय सांगतो ते नायलोटिक शब्दात. भाषा जुळली म्हणून समाज जुळलाच पाहिजे असं समजणाऱ्याने हमिसीला जरूर जावं.

'म्हणजे आपल्या वऱ्हाडी-मालवणीसारखंच की!'

मराठी वाचकाच्या मनात हे येणारच. थोडं तसं आहे, पण मुख्य गोष्ट उलटी आहे. वऱ्हाडी, मालवणी यांच्या डोक्यावर प्रमाण मराठीचं छप्पर आहे. वऱ्हाडी मूल घरात काहीही बोलो, शाळेत, वर्तमानपत्रात, सरकारी अर्जात त्याला प्रमाण मराठी भेटते. ते छप्पर कुणाच्या सोयीने घातलं गेलं यावर भांडता येतं, भांडावंही, पण ते आहे. लुह्या बोलींवर असं छप्परच नाही. चौदा-सोळा खोल्या एकमेकींना लागून आहेत, दारावर पाटी एक आहे, आणि वर उघडं आभाळ.

पाटी आधी लागली, हे विशेष. वसाहतीच्या काळात गोरे अधिकारी या लोकांना 'बांटू काविरोंदो' म्हणत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला काकामेगात सोनं सापडलं, खाणींसाठी आफ्रिकी लोकांच्या राखीव जमिनी घेता याव्यात म्हणून १९३२ मध्ये कायदा बदलला गेला, आणि इथले वेगवेगळे गट धास्तावून एकत्र येऊ लागले. नॉर्थ काविरोंदो सेंट्रल असोसिएशनच्या तरुणांनी 'अबालुह्या' हे नाव उचलून धरलं. जमिनीसाठी एक आवाज हवा होता, म्हणून एक नाव. ते इतकं रुजलं की १९६४ मध्ये नैरोबीत 'अबालुह्या' नावाचा फुटबॉल क्लब निघाला. जमातींची नावं लावायला सरकारने बंदी घातल्यावर १९८०च्या सुमारास त्याचं एएफसी लेपर्ड्स झालं. लुओंच्या गोर माहिया क्लबशी त्यांचा सामना असला की आजही त्याला 'मशेमेजी डर्बी' म्हणतात, म्हणजे मेहुण्या-मेहुण्यांची लढत!

'मग एक प्रमाण लुह्या ठरवून टाकायची ना!'

ठरवून पाहिली. अडचण अशी की लिहिणं आधीच सुरू झालं होतं, आणि जो तो आपल्या पद्धतीने. १९०२ मध्ये अमेरिकी क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी तिरिकींच्या कैमोसीला उतरले, पण त्यांचं भाषांतराचं काम लोगोलीत झालं. विहिगाला एमरी रीस आणि त्यांचे लोगोली सहकारी जोएल लितू यांनी नवा करार लोगोलीत आणला. न्योरेंच्या किमाला चर्च ऑफ गॉडचं मिशन, त्यांचं लिखाण न्योरेत. बुतेरेचे अँग्लिकन मध्यभागातल्या बोलींत लिहीत. ज्या बोलीच्या वाट्याला मिशन आलं, तिला पुस्तक मिळालं. तिरिकींच्या दारात मिशन आलं आणि पुस्तक मिळालं शेजाऱ्याच्या बोलीत, हे त्यांचं नशीब.

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला एक लुह्या भाषा समिती बसली. बुतेरेच्या मिशनरी बाई ॲपलबी तिच्या मुख्य कर्त्या. मध्यभागातल्या बोली, म्हणजे वांगा, मारामा, किसा वगैरे, पायाला घ्यायच्या, लेखनपद्धती एक करायची, सगळ्यांसाठी पुस्तकं काढायची, असा बेत होता.

कागदावर बेत शहाणपणाचा. सगळ्या टोकांना त्यातल्या त्यात जवळ पडणारी बोली मध्यभागातलीच असणार. पण मध्यभाग म्हणजे वांगा, आणि वांगा म्हणजे मुमियासचा नाबोंगो मुमिया. हा राजा ब्रिटिशांच्या बाजूने राहिला आणि त्यांनी त्याच्या माणसांना इतर गटांवर मुखत्यार म्हणून बसवलं. १८९५ मध्ये चेताम्बेला ब्रिटिशांशी लढून हरलेल्या बुकुसुंना पुढे याच वांगा मुखत्यारांचा अंमल सोसावा लागला. त्यांना 'आता तुमचं लेखनही यांच्या बोलीत' म्हटल्यावर ते कसे नाचतील? लोगोलींचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्याकडे छापलेलं शास्त्र होतं, ते वाचायला शिकलेली एक पिढी होती. इतर बोलींत ओठ नीट न मिटता जो मऊ 'ब' काढतात, तो समितीच्या लेखनात रोमन 'बी'ने लिहायचा. लोगोली त्या जागी 'व्ही' लिहीत. समितीचे 'अबा' आणि लोगोलींचे 'अवा'. एका अक्षराचा हा वाद दिसतो क्षुल्लक, पण ज्याने बायबल 'व्ही'ने वाचलं त्याला 'बी' म्हणजे परक्याचा हात वाटतो. लोगोली बाहेर पडले, बुकुसुंनीही अंग काढून घेतलं. उरलेल्यांसाठी समितीची प्रमाण लुह्या, म्हणजे 'ओलुलुयिया', पुस्तकांत राहिली, पण ती सगळ्यांची कधी झालीच नाही.

समितीचा हेतू वाईट नव्हता. पण नाव एक झालं म्हणजे भाषा एक करून घेता येईल, हा तिचा हिशेब कच्चा होता.

'स्वाहिली आहे ना? अडतं कुठे?'

बाजारात, बसमध्ये, पोलीस चौकीत काहीच अडत नाही. २०१० च्या केनियाच्या संविधानात किस्वाहिली राष्ट्रभाषा आहे, तीच इंग्रजीसह अधिकृत भाषा. वर उल्लेख केलेलं छप्पर प्रत्यक्षात या दोघींनीच घातलंय, ते दुसऱ्या घरून आणलेलं आहे एवढंच. त्याच संविधानात देशातल्या भाषांची विविधता जपायची जबाबदारीही सरकारवर टाकलेली आहे.

अडतं ते पहिलीच्या वर्गात. प्राथमिक शाळेच्या खालच्या इयत्तांत त्या भागातली भाषा वापरावी, असं केनियाचं धोरण आहे. शिन्यालूतल्या मास्तरांनी कोणती वापरायची? मूल घरून 'शिंदू' घेऊन येतं. पुस्तक असलंच तर ते मध्यभागातल्या लेखनपद्धतीचं, किंवा शेजारच्या लोगोलीचं. मास्तर स्वतः बुंगोमाहून बदली होऊन आलेले बुकुसु असतील तर वर्गात तिसरीच बोली. अशा वर्गात लवकरच स्वाहिली सुरू होते, आणि त्यात मास्तरांना दोष देता येत नाही.

आता यंत्राला शिकवायची वेळ

हाच घोळ संगणकापुढे येऊन थांबला आहे. बोललेलं ओळखणाऱ्या किंवा भाषांतर करणाऱ्या यंत्राला हजारो वाक्यं आणि तासन्‌तास आवाज लागतो. केनियातल्या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी 'केनकॉर्पस' नावाचा साठा उभारला: स्वाहिली, लुओ आणि लुह्या. लुह्याचं नाव घेताच त्यांनाही थांबून विचार करावा लागला, कोणती? त्यांनी तीन निवडल्या: लुमाराची, लुलोगोली, लुबुकुसु. एक पश्चिमेची, एक दक्षिणेची, एक उत्तरेची. निवड समजूतदार आहे, आणि तिन्हींना आपापलं नाव ठेवलं हे त्याहून बरं. सगळ्यांना एकाच 'लुह्या' पाटीखाली ओतलं असतं, तर यंत्र 'सिंदू' आणि 'किंदू' यांची सरमिसळ करून कुणाचीच नसलेली बोली बोलायला लागलं असतं.

इदाखो-इसुखा-तिरिकी या तिघींत नाहीत. जवळची म्हणून लोगोलीच्या साठ्यावर त्यांचं काम भागवावं असं कुणी सुचवेल, आणि अक्षरांपुरतं ते थोडंफार जमेलही: 'कि' दिसलं की 'शि' कर, 'कु' दिसलं की 'खु' कर. सुरांना मात्र हा नियम लागू पडत नाही. ते लिहिलेच जात नाहीत, म्हणून लिखित मजकुरातून ते कुणालाच शिकता येत नाहीत. त्यासाठी इकोलोमानी, शिन्यालू आणि हमिसीतल्या लोकांचा आवाजच रेकॉर्ड करावा लागेल, आणि तोही तिघांचा वेगवेगळा.